पुनर्विकास: चौदा मजले की पस्तीस?

वाशीतील एका सोसायटीच्या सचिव असलेल्या वहिनींनी परवा पुनर्विकासाचे दोन आराखडे माझ्यासमोर ठेवले. एक चौदा मजल्यांचा, सुमारे ४५ मीटर उंचीचा; दुसरा पस्तीस मजल्यांचा टॉवर, सुमारे ११० मीटरचा.

मंजुरीच्या दृष्टीने खरा प्रश्न विमानतळाचा आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजते. म्हणजे परवानगी १०० मीटरची आणि भूखंड ८ मीटर उंचीवर असेल, तर हाती ९२ मीटरच उरतात, आणि त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली व अँटेनाही बसवावे लागतात. पस्तीस मजल्यांचे चित्र पाहून सही करण्याआधी प्राधिकरणाचा उंचीच्या परवानगीचा दाखला सभेत वाचून दाखवलाच पाहिजे, असे मी त्यांना आवर्जून सांगितले. शिवाय एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरीही लागते आणि तोवर भाड्याच्या घरातला मुक्काम लांबतो.

अग्निसुरक्षा दोन्हीकडे अनिवार्य आहे. २००६ च्या राज्य कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. मात्र टॉवरमध्ये पंप, लिफ्ट, जनरेटर सारेच मोठे, त्यामुळे मासिक देखभाल खर्च जड जातो. मोकळी हवा आणि खाडीचे दृश्य मात्र टॉवरच्या वरच्या मजल्यांवरच मिळेल.

निवृत्तिवेतनावर जगणारे सभासद अधिक असतील, तर चौदा मजलेच घ्यावेत. कमावत्या, थांबण्याची तयारी असलेल्या कुटुंबांना टॉवर परवडेल.