ताईंचं खेळघर, विश्रामबाग: चार महिन्यांचा अनुभव

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. जूनमध्ये त्याच्या बालवाडीतून तिसऱ्यांदा बोलावणं आलं: 'मारतो, चावतो, दुसरीकडं बघा.' मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. तिथल्याच एकांनी हा पत्ता दिला. बंगल्याचा तळमजला, दारावर पाटी नाही, सगळे 'ताईंचं खेळघर' म्हणतात. बारा मुलं, वेळ ४ ते ६, महिना १२०० रुपये.

फीचं बोलायच्या आधी ताईंनी पोराला जवळ बसवून भडंगाचा बंद पुडा दाखवला. 'यात काय आहे?' 'भडंग!' उघडला तर आत शर्टाची बटणं. पुडा परत बंद केला. 'आजी घरी आहे ना? तिला हा असा बंद पुडा दाखवला तर ती काय म्हणेल?' 'बटणं!' अगदी ठासून.

मला वाटलं, संपलं, आता घेत नाहीत. ताई म्हणाल्या, 'अहो, या वयात असंच असतं. आपल्याला माहीत ते सगळ्यांना माहीत. चौथ्या-पाचव्या वर्षात उलगडायला लागतं, कुणाला थोडं उशिरा.' मानसशास्त्रज्ञ जोसेफ पर्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिल घालून हेच तपासलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: 'दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असतं हे ज्याला कळलं नाही, त्याला 'चुकून' म्हणजे काय ते कसं कळणार?'

माझ्या पोराचं दुखणं नेमकं तेच होतं. कुणाचा धक्का लागला की त्याच्या लेखी तो मुद्दामच. केनेथ डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० पासून यावर काम केलंय. मारकुट्या मुलांना संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू इतर मुलांपेक्षा जास्त वेळा वाईट दिसतो.

एकदा लवकर पोचलो, तेव्हा खिडकीतून बघितलं. यानं ठोकळ्यांचा मनोरा रचलेला. एका मुलीच्या फ्रॉकचा घेर लागला, मनोरा कोसळला. याचा हात वर गेला. ताईंनी हात धरला नाही. शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, 'तिचं तोंड कुणीकडं होतं, बघ.' ती माठाकडं वळलेली, हातात पेला. हा बघतच राहिला. मग हात खाली आला. रडला खूप, पण मारलं नाही.

ताईंनी मला एकच विचारलं, 'घरात 'मुद्दाम' हा शब्द कोण वापरतं?' मीच. दूध सांडलं, चप्पल हरवली, की 'मुद्दाम केलंस ना?' तो शब्द सोडायला मला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

उणिवा आहेत. बोळ अरुंद, गाडी लावायला जागा नाही. सुट्टीचा निरोप आदल्या रात्री दहाला येतो. अक्षरं गिरवून घेत नाहीत; ज्यांना तेच हवंय त्यांनी जाऊ नये. आणि जादू झालेली नाही, ऑगस्टमध्ये एकदा तो चावलाच. तरी मारकुटं म्हणून बाजूला काढलेलं पोर घरात असेल तर उशीर करू नका.

गेल्या रविवारी त्यानं रिकाम्या भडंगाच्या पुड्यात शेंगांची टरफलं भरली, तोंड दुमडलं आणि माझ्या कानाशी आला. 'बाबा, आजीला सांगू नका हं. तिला भडंगच वाटणार आहे.'