गॅलापागोसची बोट-सफर: उतरण्यापासून पहिल्या रबरी होडीपर्यंत

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर दूर असलेल्या या बेटांची सफर क्विटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावरच सुरू होते. आधी बेटांवर जाण्यासाठी लागणारं 20 डॉलरचं ट्रान्झिट कार्ड, मग सामानाची जैवसुरक्षा तपासणी. तपासलेल्या बॅगेला सील लावतात, त्यानंतरच चेक-इन. क्रम चुकला तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून तीन तास आधी पोहोचा. ताजी फळं, बिया, माती लागलेले बूट चालत नाहीत. घरून नेलेला कढीपत्ता आणि आंबे तिथेच राहतील. ही तपासणी काटेकोर आहे आणि तशीच हवी. आपल्या ओळखीचं पेरूचं झाड तिथे रान होऊन माजलं आहे, आणि बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या घरट्यातल्या फिंच या छोट्या पक्ष्याच्या पिल्लांचं रक्त पितात.

बाल्ट्रा बेटाच्या विमानतळावर उतरलात की राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क: परदेशी प्रौढाला 200 डॉलर. 1 ऑगस्ट 2024 च्या आधी ते 100 होतं, त्यामुळे जुन्या माहितीवर बजेट बांधू नका. रक्कम रोख ठेवा, नोटा फाटक्या नकोत. घड्याळ एक तास मागे घ्या. बोटीचं बुकिंग असेल तर बोटीची माणसं विमानतळावरूनच घेऊन जातात. स्वतःहून पुएर्तो आयोरा या गावाला जायचं तर बसने इताबाका खाडी, 1 डॉलरची फेरी आणि पुढे सांताक्रूझ बेट ओलांडून सुमारे 40 किलोमीटर. विमानतळावरच्या रांगांपासून इथवर अर्धा दिवस सहज जातो.

म्हणूनच चार दिवसांची सफर आम्ही सुचवत नाही. पहिला आणि शेवटचा दिवस विमानाच्या वेळेत निघून जातो, हाती दोनच पूर्ण दिवस उरतात. आठ दिवसांचीच घ्या.

बोट निवडताना 16 प्रवाशांची बघा. एका गाइडमागे 16 जणांचीच परवानगी असते. मोठ्या जहाजावर 90-100 माणसं गटागटाने उतरवतात, त्यात पहाटेचा चांगला वेळ थांबण्यात जातो. बोट लागत असेल तर कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट बरी, आणि केबिन खालच्या डेकवर, मधोमध. मात्र इंजिनाला चिकटलेली नको, कारण बेटाबेटांमधलं लांब अंतर बहुतेक रात्रीच कापतात. गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्या, पोट ढवळायला लागल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.

बेटावर नेते ती पंगा, म्हणजे रबरी होडी. चढता-उतरताना खलाशाचा हात नाही, मनगट धरा आणि त्याला तुमचं धरू द्या. ओल्या हातातून बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. पाय आधी रबरी काठावर, मग आत. वेट लँडिंगला गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं, ड्राय लँडिंगला शेवाळलेल्या खडकावर, आणि जास्त माणसं घसरतात ती ड्रायलाच. अनेकदा पायरीवर समुद्रसिंह आडवा पसरलेला असतो. त्याला हुसकायचं नाही, गाइड दुसरी वाट काढतो. प्राण्यापासून दोन मीटर, फ्लॅश बंद.

ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र जास्त खवळतो आणि पाणी गार असतं, तेव्हा स्नॉर्कलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत पोहायला, वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) हवाच. एप्रिल ते डिसेंबरमध्ये जाणार असाल तर एस्पान्योला असलेलाच मार्ग मागून घ्या, कारण गॅलापागोसचा अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी जवळजवळ फक्त त्याच बेटावर अंडी घालतो.