पोस्टग्रेसवर धंद्याच्या नोंदी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ग्राहक, माल, बिलं, बिलांमधल्या ओळी आणि जमा रकमा. ही पाच टेबलं, त्यांवर रोजच्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न आणि द्यायचे हुकूम) आणि महिनाअखेरीला थकबाकीचा रिपोर्ट. एवढ्या कामासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला तर वेगाबद्दल फारसं लिहिण्यासारखं उरत नाही. काही लाख ओळी साध्या मशीनवरही निवांत चालतात. लिहावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: चुकलेली क्वेरी बहुतेक वेळा एरर देत नाही. ती चालते, आकडा देते आणि आकडा चुकीचा असतो. दोष एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेऱ्या लिहायच्या भाषेच्या, स्वभावाचा आहे, पण रोज गाठ पोस्टग्रेसशी पडते.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर: घ्यावं, डोळे झाकून घ्यावं. नंतर मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात.

थकबाकीचा रिपोर्ट, म्हणजे सगळ्या चुकांचं माहेर

पहिला फटका जॉइनचा, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडण्याचा. बिलाला ओळींचं टेबल जोडलं आणि त्याच क्वेरीत जमा रकमांचं टेबलही जोडलं, की गुणाकार होतो. एका बिलात मालाच्या ३ ओळी आणि त्यावर ५,००० व ३,००० अशा २ जमा असतील तर निकालात ६ ओळी येतात. जमेची बेरीज ८,००० ऐवजी २४,००० आणि मालाची बेरीज दुप्पट. एकच ओळ आणि एकच जमा असलेल्या बिलांवर तीच क्वेरी अगदी बरोबर चालते, म्हणून चाचणीत काही दिसत नाही. यावर बरेच जण सममध्ये (बेरजेत) डिस्टिंक्ट घालतात, म्हणजे सारखा आकडा एकदाच धरायला सांगतात. तो इलाज रोगापेक्षा वाईट, कारण एकाच बिलावर ५,००० च्या दोन जमा आल्या तर त्यातली एक गायब होते. बरोबर रीत एकच: विथ (क्वेरीच्या आधी तात्पुरता निकाल तयार करायची सोय) वापरून ओळींची बेरीज बिलनिहाय वेगळी करायची, जमेची बेरीज बिलनिहाय वेगळी करायची आणि मग प्रत्येक बिलाला एकेकच ओळ जोडायची.

दुसरा फटका नलचा, म्हणजे रिकाम्या किमतीचा, आणि हा जास्त महाग पडतो. ज्या बिलावर एक पैसाही जमा नाही, त्याला लेफ्ट जॉइनमध्ये (जोड न सापडलेल्या ओळीही ठेवणारा जॉइन) जमेच्या जागी शून्य मिळत नाही, नल मिळतो. एकूण वजा नल म्हणजे नल. ‘शिल्लक शून्यापेक्षा जास्त’ ही अट नलला लागू होत नाही, म्हणून ती ओळ यादीतून बाहेर पडते. परिणाम असा, की थोडेफार पैसे दिलेले ग्राहक थकबाकीदारांत दिसतात आणि काहीच न दिलेले सुटतात. बेरजेभोवती कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) आणि शून्य घातलं की प्रश्न मिटतो. ‘स्थिती रद्द नाही’ अशी अट लावली तर स्थिती रिकामी असलेल्या ओळीही गळतात. तिथे नललाही किंमत धरून तुलना करणारं ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरावं. आणि नॉट इनच्या (‘या यादीत नसलेले’) आतल्या यादीत एक जरी नल आला तरी निकालात एकही ओळ येत नाही. नॉट एक्झिस्ट्सला हा रोग नाही, म्हणून तेच लिहायची सवय बरी.

याच्याच जोडीचा तिसरा प्रकार: लेफ्ट जॉइन केलेल्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या भागात) लिहिली की तो जॉइन आपोआप इनर होतो, म्हणजे जोड नसलेल्या ओळी गळतात. ‘जमा या महिन्यातली’ ही अट ऑनमध्ये, म्हणजे जोडण्याच्या अटीत, असायला हवी.

तारखांबद्दल थोडक्यात. कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल तर बिट्वीन (‘इथपासून तिथपर्यंत’ अशी अट) वापरू नये. १ ते ३१ तारखेचं बिट्वीन ३१ तारखेच्या मध्यरात्री, म्हणजे तो दिवस सुरू होतानाच थांबतं. १ तारीख किंवा नंतर, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी, अशी अट बिनधोक.

रकमांसाठी न्यूमेरिक (दशांश अचूक साठवणारा प्रकार), उदाहरणार्थ १४ अंक आणि त्यातले २ दशांश. डबल प्रिसिजनमध्ये (अपूर्णांक जवळपासचे साठवणारा प्रकार) ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होत नाही, आणि हजारो ओळींच्या बेरजेत ताळेबंद पैशाने हुकतो. यावर चर्चासुद्धा करू नये.

अपडेट

पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये, ऑटोकमिट मुळातच चालू असतं. व्हेअर विसरलेलं अपडेट सगळ्या टेबलावर चालतं आणि त्याच क्षणी पक्कं होतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या क्लायंटमध्ये व्हेअरशिवायचं अपडेट अडवणारा सेफ अपडेट्सचा पर्याय आहे (त्याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव ‘आय ॲम अ डमी’, बनवणाऱ्यांना विनोदबुद्धी होती). पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये असं काही तयार मिळत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्यावा लागतो, आणि तो घाईतही मोडायचा नाही:

आधी बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल) सुरू. मग जी व्हेअर अट अपडेटला लावायची तीच लावून सिलेक्ट काउंट. समजा ४२ आले. मग अपडेट, शेवटी रिटर्निंग लावून, म्हणजे बदललेल्या ओळी समोर दिसतात. खाली ‘अपडेट ४२’ आलं का पाहायचं. ४२ असेल तर कमिट (पक्कं करणं), दुसरं काहीही असेल तर रोलबॅक (रद्द करणं) आणि मग विचार. रिटर्निंग नव्या किमती दाखवतं. जुनी आणि नवी किंमत शेजारी-शेजारी पाहायची सोय २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ मध्ये झाली. अपग्रेड करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एखादी क्वेरी एरर देऊन पडली तर पुढच्या सगळ्या क्वेऱ्या नाकारल्या जातात. पीएसक्यूएलच्या प्रॉम्प्टवर ट्रान्झॅक्शन चालू असल्याचा तारा (*) जाऊन उद्गारचिन्ह (!) येतं, ते बघायची सवय लावावी. कारण अशा अवस्थेत कमिट लिहिलं तरी उत्तर ‘रोलबॅक’ असं येतं, तेही शांतपणे. उत्तर न वाचता खिडकी बंद केली तर काम झालं असं वाटतं आणि झालेलं काहीच नसतं.

फाइलमधून आलेले नवे दर किंवा पत्ते चढवायचे असतील तर थेट मूळ टेबलात हात घालू नये. सगळे कॉलम टेक्स्ट प्रकारचे असलेलं एक तात्पुरतं टेबल करावं, त्यात कॉपीने फाइल भरावी, ट्रिम करावं, दुहेरी कोड ग्रुप बाय आणि हॅविंगने शोधावेत आणि मगच अपडेट. दुहेरी कोड शोधणं का महत्त्वाचं? अपडेट फ्रॉममध्ये एका मूळ ओळीला फाइलमधल्या दोन ओळी जुळल्या तर पोस्टग्रेस त्यातली कुठलीतरी एक घेतं. कुठली, याची हमी नाही, आणि एररही नाही. आवृत्ती १५ पासून मिळणारं मर्ज (ओळ असेल तर बदलणारं, नसेल तर घालणारं) अशा वेळी एरर देऊन थांबतं, इन्सर्टबरोबरचं (नवी ओळ घालताना) ऑन कॉन्फ्लिक्टही थांबतं. म्हणून फाइलवरून अपडेट करायचं तर मर्ज पसंत.

व्हेअरमध्ये ‘जुना दर नव्या दरापेक्षा वेगळा असेल तरच’ ही अटही घालावी. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहितं आणि जुनी मागे ठेवतं. किंमत तीच असली तरीही. पाच लाख ओळींचं टेबल एका फटक्यात ‘अपडेट’ केलं तर डिस्कवर ते जवळपास दुप्पट होतं. ऑटोव्हॅक्यूम (जुन्या प्रती साफ करणारी आपोआप चालणारी प्रक्रिया) नंतर ती जागा वापरायला मोकळी करतं, पण फाइल सहसा आकसत नाही.

साठ्याचा हिशेब दोन काउंटरांवरून होत असेल तर वाचून-वजा करून-लिहायची पद्धत सोडा. साठा १०. पहिल्याने १० वाचले, ३ विकले, ७ लिहिले. दुसऱ्यानेही तेवढ्यात १० वाचले, २ विकले, ८ लिहिले. साठा ८ दिसतो, असायला हवा ५. वजाबाकी अपडेटच्या आतच करावी: साठा बरोबर साठा वजा ३, आणि व्हेअरमध्ये साठा किमान ३. इथेही ‘अपडेट ०’ ही एरर नाही. माल पुरेसा नव्हता हे प्रोग्रॅमने बदललेल्या ओळींची संख्या पाहूनच ओळखायचं.

बिल नंबरासाठी सिक्वेन्स (आपोआप वाढत जाणारा आकडा) वापरू नका. रोलबॅक झालं तरी सिक्वेन्स मागे येत नाही, म्हणून नंबरांत भोकं पडतात, आणि हिशेब तपासणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. शेवटचा नंबर एका छोट्या टेबलात ठेवून, बिल लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच तो अपडेट रिटर्निंगने वाढवून घ्यावा. बिलं एकामागून एक रांगेत होतात, थोडा वेग जातो. जाऊ द्यावा.

देवनागरी नोंदी

नावं-पत्ते मराठीत असतील तर शोधात न सापडणाऱ्या नोंदी हमखास निघतात. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. डोळ्यांना फरक दिसत नाही, बरोबरच्या (=) चिन्हाला दिसतो. आवृत्ती १३ पासून अशी वेगळी रूपं एक करणारं नॉर्मलाइझ फंक्शन आहे, नोंद आत घेतानाच ते चालवावं. पण ‘ऱ्या’ काही कीबोर्ड र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असं टाइप करतात, आणि ते नॉर्मलाइझने एक होत नाही. तिथे रिप्लेस लिहून एकच रूप ठरवावं लागतं. देवनागरी अंक टेक्स्टमध्ये आले आणि पूर्णांकात बदलायला गेलं तर मात्र सरळ एरर येते. ट्रान्सलेटने अंक बदलून घ्यायचे. एरर येते हे इथे चांगलंच.

वैताग देणाऱ्या बाबी

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) लावली की त्या कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आपोआप होतो असं गृहीत धरू नका, होत नाही. एक ग्राहक डिलीट करायला वेळ लागतो तो बिलांच्या टेबलात त्याला शोधण्यात. उघडं ट्रान्झॅक्शन सोडून जेवायला गेलेला माणूस ही दुसरी बाब: त्याची लॉक बाकीच्यांना अडवतात, व्हॅक्यूमही अडतं. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट मुळात बंद असतो, तो काही मिनिटांवर लावून ठेवावा. आणि एक्सप्लेन ॲनालाइझ अपडेटला लावलं तर ते अपडेट खरोखर चालतं, नुसता आराखडा दाखवून थांबत नाही. बिगिन-रोलबॅकच्या मध्येच वापरा.

नुसते रिपोर्ट काढणाऱ्यांना वेगळा रोल (वापरकर्त्याचं खातं) द्यावा, फक्त सिलेक्टचा. आवृत्ती १४ पासून सगळी टेबलं वाचण्यापुरता तयार रोल मिळतो, एका ग्रँटमध्ये काम होतं. बिलं आणि जमा या दोन टेबलांवर जुनी ओळ, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ यांसह, जेसनबीमध्ये (मोकळ्या रचनेचा प्रकार) उतरवून ठेवणारा ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारं काम) लावावा, कोणी कधी काय बदललं ते नंतर क्वेरीनेच कळतं.

बॅकअपसाठी पीजी डम्प (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या, म्हणजे गरज पडली तर एकच टेबल परत काढता येतं. रोल आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. ते पीजी डम्प ऑलच्या ग्लोबल्स ओन्ली पर्यायाने वेगळे काढावे लागतात. आणि तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून, तिथे थकबाकीची क्वेरी चालवून दोन्हीकडचा आकडा जुळतो का ते पाहा. महिन्यातून एकदा पुरे.