रॅचेट पट्टे, जाळी आणि रबरी चटई : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. गाडीत सामान बांधायच्या या संचातली सगळ्यात कामाची वस्तू पट्टा नाही, खाली अंथरायची रबरी चटई आहे. सगळ्यात निरुपयोगी जाळी. पट्टे चांगले आहेत, पण बांधायची रीत चुकली तर त्यांचा उपयोग फक्त मनाच्या समाधानापुरता.

संचात २५ मिमी रुंदीचे चार रॅचेट पट्टे (दांडी मागेपुढे मारून आवळायचे), दोन कॅम बकलचे साधे पट्टे (हाताने ओढायचे, बकल दाताने धरून ठेवतं), एक इलॅस्टिकची जाळी आणि ३ मिमी जाडीची रबरी चटई येते. वापर सात सीटच्या घरगुती गाडीत, मागची रांग पाडून. ऑक्टोबरातल्या सोयाबीनच्या पोत्यांपासून मे महिन्यातल्या केशर आंब्याच्या कॅरेटपर्यंत. रस्ते म्हणजे धुळे-सोलापूर महामार्ग, मांजरसुंब्याचा घाट आणि फाट्यापासून गावापर्यंतची खडी.

चटईला पहिला नंबर का, ते हिशोबाने बघा. सामान बांधणीच्या युरोपीय मानकात (ईएन १२१९५-१) जोरात ब्रेक लागल्यावर वजनाच्या ०.८ पट जोर पुढे आणि वळणावर ०.५ पट जोर बाजूला धरतात. ५० किलोची दोन पोती आडवी टाकली, म्हणजे ब्रेकला ८० किलोचा जोर आला. डिकीच्या गालिच्यावर घर्षण साधारण ०.३ धरलं तर ३० किलो नुसत्या वजनाने थोपतात. आता वरून एक पट्टा टाकून दोन्ही बाजूंना ५०-५० किलोचा ताण दिला. पण पोती बुटकी, त्यामुळे पट्टा जमिनीशी जेमतेम ३० अंशांत उतरतो आणि ताणाचा निम्माच भाग खाली दाबतो. दोन्ही बाजू मिळून ५० किलो दाब, त्यातून गालिच्यावर अडवणूक मिळते फक्त १५ किलो. एकूण ४५. पोती सरकणारच. तीच पोती, तोच पट्टा, खाली रबरी चटई: घर्षण ०.६, म्हणजे ६० अधिक ३०, एकूण ९०. थांबली. चटईवर धूळ किंवा दाणे सांडलेले असतील तर मात्र हा फायदा जातो. दाणे तर छर्‍यांसारखे काम करतात, म्हणून भरण्याआधी चटई झटकायचीच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रचणी. जड माल तळाला आणि मधल्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवायचा. मध्ये फूटभर जागा राहिली तर तेवढ्या अंतरात माल मोकळा सुटतो आणि मग पाठीवर आदळतो. जागा उरतच असेल तर घडी केलेली गोधडी किंवा रिकामी पोती ठासून भरावीत. ५० किमी वेगाने गाडी धडकून ६० सेमीत थांबली तर सरासरी जोर वजनाच्या १६ पट होतो. पाण्याने भरलेला २० लिटरचा जार त्या क्षणी सव्वातीनशे किलोच्या वर जातो. मधल्या सीटवर कोणी बसलेलं नसेल तर तिथले सीटबेल्ट रिकामेच लावून ठेवावेत, सीटच्या पाठीला तेवढाच आधार. आणि सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीही रचू नये. मागच्या काचेसमोरच्या फळीवर टॉर्च, स्टीलचा डबा असलं काही तर नाहीच नाही.

पट्ट्याचा आकडा अडकवायचा कुठे, हा खरा घोळ. डिकीतले प्लॅस्टिकचे हुक भाजीच्या पिशवीसाठी असतात, दोन-तीन किलोंसाठी. त्यांना रॅचेट लावला की पहिल्या आवळणीतच तुटतात. गाडीच्या पुस्तिकेत सामान बांधायच्या कड्या दाखवलेल्या असतील तर त्याच घ्याव्यात. नसतील तर पाडलेल्या सीटच्या लॉकचा लोखंडी दांडा किंवा सीटच्या बैठकीचा बोल्ट हे भरवशाचे. बोल्टच्या रिकाम्या भोकात आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवणार असाल तर आटे जुळतात का ते हाताने फिरवून बघा. पान्याने जबरदस्ती केली की आटे गेले. पत्र्याला नवीन भोक पाडायला जाऊ नका, खाली इंधनाची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात. सीएनजी गाडीत टाकीच्या कंसाला काहीही बांधू नये.

रॅचेट वापरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ढील न काढता दांडी मारत सुटणं. पट्ट्याचं मोकळं टोक मधल्या चिरेतून ओवून आधी हाताने ओढून घ्यायचं, मग दांडी. रिळावर किमान दीड वेढा हवा, नाहीतर पट्टा निसटतो. तीनच्या वर गेला तर रीळ फुगून अडकतं आणि सुटता सुटत नाही. शेवटी दांडी पूर्ण मिटवायची. कॅरेटच्या धारेवर पट्टा येतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवावा. आंब्याची कॅरेट, जार, तेलाचा डबा यांना रॅचेट नकोच. करकचून आवळला की डबा दबतो, कॅरेटचा काठ आत वळतो. तिथे कॅम बकल पुरतं.

पोत्यातला माल बसतो. खडीवरून दहा-पंधरा किलोमीटर गेलं की सकाळी ताठ आवळलेला पट्टा बोटाने उचलता येतो. हा पट्ट्याचा दोष नाही, दाणे खाली बसून पोत्याची उंची कमी होते. तेवढ्या अंतरावर एकदा थांबून पुन्हा दोन-तीन दांड्या माराव्याच लागतात. जारला हा त्रास नाही, पण अर्धा भरलेला जार हेलकावे खाऊन ढील पाडतो. न्यायचा तर काठोकाठ भरून.

लेबल नीट वाचा. पाकिटावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा पट्टा तुटण्याचा असतो. कामाचा आकडा ‘एलसी’पुढचा, म्हणजे पट्ट्यावर जास्तीत जास्त किती जोर येऊ द्यायचा तो, डेकान्यूटनमध्ये, एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा जोर. निळं लेबल पॉलिएस्टरचं, हिरवं नायलॉनचं, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनचं. इथल्या वापराला निळंच घ्यावं. नायलॉन भिजलं की ताणतं आणि त्याची ताकद घटते.

जाळीबद्दल फार लिहायला नको. एप्रिलपर्यंत इलॅस्टिक लोंबायला लागलं. पिशव्या, चपला, ताडपत्री इतकंच तिच्यात ठेवावं. इलॅस्टिक ताणतं, म्हणजे जड वस्तूला वेग घेऊ देतं आणि मग अडवतं. ट्यूबच्या कापलेल्या पट्टीचंही तेच. शिवाय इलॅस्टिक दोरीचे आकडे सुटले तर थेट डोळ्याकडे येतात, सोडताना तोंड बाजूला ठेवा.

गॅसची टाकी या पट्ट्यांनी बांधून बंद गाडीतून न्यावी का, हे बरेच जण विचारतात. नेऊ नये. आडवी तर मुळीच नाही, कारण मग सुरक्षा झडपेपाशी वायूऐवजी द्रव गॅस येतो.

आठ महिन्यांनंतरची अवस्था: चटई जशीच्या तशी, फक्त मे महिन्यात बंद गाडीत रबराचा वास येतो. एका आकड्यावरचं प्लॅस्टिक तडकलं आणि युरियाच्या पोत्यांनंतर तिथे गंज धरला. दोन रॅचेट काळ्या मातीने अडकायला लागले होते. कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करून खटक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की सुरळीत झाले. ग्रीस लावू नका, धूळ धरून ठेवतं. एका पट्ट्याच्या काठावर कॅरेटने चीर पाडली आहे. तिथे गाठ मारून किंवा शिवून चालवायचं नाही. तो आता ताडपत्रीवर टाकायला ठेवला आहे, पोत्यांवर नवा.