रोमन ब्रिटनच्या तीन कादंबऱ्या: मुलांच्या हाती देण्याआधी

ब्रिटिश लेखिका रोझमेरी सटक्लिफ (1920–1992) यांच्या या तीन कादंबऱ्या सुट्या मिळतात, एकत्र खंडातही मिळतात. मुलासाठी सुट्याच घ्या. जाडजूड खंड पाहूनच मुलं बिचकतात. क्रम मात्र मोडू नका: ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ (1954), ‘द सिल्व्हर ब्रँच’ (1957), ‘द लँटर्न बेअरर्स’ (1959). गोष्टी स्वतंत्र आहेत, पण डॉल्फिन कोरलेली पाचूची अंगठी एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरते. ती ओळखीची नसेल तर तिसऱ्या पुस्तकातली तिची वेदना पोचत नाही.

सटक्लिफना लहानपणीच सांध्यांचा स्टिल्स डिसीज झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग चित्रकला शिकून त्या लघुचित्रं काढू लागल्या. हे आयुष्य पानोपानी झिरपलं आहे. पहिल्या पुस्तकातला सेंच्युरियन, म्हणजे रोमन फौजेतला तुकडीप्रमुख, मार्कस सुरुवातीलाच पायानं अधू होऊन फौजेबाहेर पडतो. जखमेत राहिलेले तुकडे काढायला ती पुन्हा उघडावी लागते, आणि तरी लंगडणं जात नाही. पुढे नवव्या लीजनचं, म्हणजे रोमन पलटणीचं, हरवलेलं गरुडाचं निशाण शोधायला तो डोळ्यांच्या वैद्याचं सोंग घेऊन मलम विकत उत्तरेत हिंडतो.

सगळ्यात मोलाचा प्रसंग ढालीचा. मार्कसचा गुलाम एस्का त्याच्या खंजिराच्या म्यानावरची रेखीव, बंदिस्त रोमन नक्षी आणि ब्रिटिश ढालीवरची वाहती वळणं शेजारी ठेवून विचारतो, की ही वळणं काढणारी माणसं तुमच्या शिस्तीत सुखानं कशी राहतील? परकी राजवट लोकांना का सलते, हे इतक्या थोडक्यात मुलांसमोर क्वचितच येतं.

अडचण येते ती चौथ्या प्रकरणापासून. लढाई संपते, मार्कस काकांच्या घरी पडून असतो आणि उत्तरेचा प्रवास पुस्तक निम्म्यावर येईतो सुरू होत नाही. मुलं इथेच पुस्तक मिटतात. हा भाग मोठ्यांनी वाचून दाखवावा. लॅटिन गावांची नावंही अडवतात. इस्का म्हणजे एक्झेटर, कॅलेव्हा म्हणजे सिल्चेस्टर, एबुराकम म्हणजे यॉर्क, एवढं चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा.

सिल्चेस्टरला 1866 साली सापडलेला पंखहीन ब्राँझचा गरुड आणि नोंदींतून नाहीशी झालेली नववी लीजन, यांवर पहिल्या पुस्तकाची गोष्ट उभी आहे. गरुड आता पुतळ्याचा भाग मानला जातो, आणि नेदरलँड्समधल्या नायमेखेनला नववीच्या खुणा मिळाल्यानं ती स्कॉटलंडात संपली असं ठामपणे म्हणता येत नाही. हे वाचून झाल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर शोधाची ओढच जाईल.

तिसरं पुस्तक सर्वांत कसदार. त्याला बालसाहित्यासाठीचं ब्रिटनमधलं कार्नेगी मेडल मिळालं. शेवटचं रोमन सैन्य निघून जातं, त्यातला तरुण अधिकारी अक्विला मागे राहतो आणि किनाऱ्यावरच्या रिचबरो किल्ल्याचा दीप एकदाच पेटवतो. पुढचा कडवटपणा पेलायला वय चौदा तरी हवं. त्याच धाग्यावरची ‘सोर्ड ॲट सनसेट’ (1963) मात्र प्रौढांसाठी आहे. चौथा भाग समजून मुलाला देऊ नका.