वर्षभर चॅटबॉट वापरला, आईच्या फोनमध्ये मात्र टाकला नाही

साधारण वर्ष झालं एआय चॅटबॉट रोज वापरतेय, आधी फुकटवाला आणि मग पैसे भरून. ओळखीतले बरेच जण विचारतात की घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कुठल्या एकाचं नाव घेत नाही कारण तीन-चार वापरून पाहिलेत आणि मी सांगतेय ते सगळ्यांनाच कमीजास्त लागू आहे.

आईची ब्लड टेस्ट झाली, रिपोर्ट आला रात्री आणि डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची. एचबीएवनसी ६.१ आणि बाजूला नुसतं ‘हाय’ छापलेलं, आई घाबरून बसलेली. मी चॅटबॉटला विचारलं, त्याने सोप्या मराठीत सांगितलं की हा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज असतो, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीस ६.५ पासून धरतात, आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं तेही काढून दिलं. नंतर डॉक्टरांनीही अगदी तेच सांगितलं. त्या रात्री आई झोपली ती त्याच्यामुळे, हे मी विसरणार नाही.

बाकी अर्ज लिहिणं, लांबलचक करारातलं नेमकं कलम शोधणं, मुलाला अपूर्णांक सहाव्यांदा समजावणं, यात तो खरंच छान आहे, मुलाने तोच प्रश्न कितीदाही विचारला तरी त्याचा आवाज चढत नाही. मराठी आता बरं लिहितो पण मध्येच हिंदी वळणाची वाक्यं येतात आणि बोलणारी बाई आहे हे विसरतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. आईला बीपीची गोळी चालू आहे, गुडघा दुखायला लागला म्हणून मी विचारलं की अमुक पेनकिलर सोबत चालेल का. तो म्हणाला साधारणपणे सुरक्षित आहे. मी म्हटलं अरे पण किडनीवर ताण येतो असं ऐकलंय, तर लगेच ‘अगदी बरोबर, माफ करा, ही गोळी टाळा’. मग मी मुद्दाम खोटंच सांगितलं की आमचे डॉक्टर चालेल म्हणाले, तर त्यालाही हो! पाच मिनिटांत तीन उत्तरं आणि तिन्ही वेळा तोच शांत, समजूतदार सूर. शेवटी डॉक्टरांनाच फोन केला, त्यांनी ती गोळी देऊच नका सांगितलं, अशा बऱ्याच पेनकिलरनी बीपीच्या औषधाचा परिणाम कमी होतो आणि किडनीलाही त्रास होऊ शकतो.

हे असं का होतं तर तो मुळात पुढचा शब्द काय यावा याचा अंदाज बांधत जातो, आणि त्याला शिकवताना माणसांना आवडलेल्या उत्तरांना जास्त मार्क मिळतात, माणसांना काय आवडतं तर आपलं म्हणणं बरोबर ठरलेलं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट इतकं हांजी हांजी करायला लागलं की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे.

कंपन्यांच्या वेबसाइटवर कस्टमर केअरला जे बॉट बसवलेत त्यांच्याशी तर अजून जपून. एअर कॅनडाच्या बॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की तिकीट आत्ता काढा, घरातलं कुणी वारल्यावर मिळणाऱ्या सवलतीसाठी ९० दिवसांत नंतर अर्ज केला तरी चालेल. नियम तसा नव्हता. कंपनीचा बचाव काय होता माहितीये, की बॉट जे बोलला त्याला बॉटच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने हे फेटाळलं आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. तेव्हापासून बॉटने काही कबूल केलं की मी लगेच स्क्रीनशॉट काढते, तुम्हीही काढा.

रिपोर्ट टाकताना नाव, पत्ता, नंबर आधी खोडा. सेटिंगमध्ये तुमचं बोलणं ट्रेनिंगला वापरायचं की नाही याचा पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो, तो बंद करा.

माझं रेटिंग पाचपैकी साडेतीन. जे उत्तर मला स्वतःला तपासता येतं तिथे पूर्ण पाच, औषधाला शून्य.

आई मात्र रोज म्हणते माझ्याही फोनमध्ये टाकून दे, दुपारी घरात कुणी नसतं, तेवढंच बोलणं होईल. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञांनी एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्राम केला होता, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारणारा, आणि तो कसा बनला हे डोळ्यांसमोर पाहिलेली त्यांची सेक्रेटरीसुद्धा त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जा. आईचं तसंच होईल, तिच्याशी कुणी आदराने, न कंटाळता बोललं की ती त्याच्यावर विश्वास ठेवते, आणि गोळीचं तीही विचारणारच, पण उलटून दुसऱ्यांदा विचारणार नाही. म्हणून अजून टाकलेला नाही, सध्या दुपारी मीच फोन करते.