फोर-जी राउटरची बाहेरची अँटेना: आठ महिने वापरल्यावर

दोन पोर्ट, ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ, ११ डीबीआय, हे सगळं खोक्यावर आहेच, ते परत लिहीत नाही. खोक्यावर जे छापलेलं नाही त्याने माझे चार महिने खाल्ले. मला त्याबद्दल लिहायचंय.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. वर पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि खाली आमच्या फोनची एक काडी येते-जाते. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म हा माझा धंदा. सातबारा काढायला फारसं नेट लागत नाही. पण स्कॅन केलेले दाखले वर चढवायचे म्हटलं की चाक फिरत राहायचं आणि फॉर्मची शेवटची तारीख असलेली पोरं दारात उभी. म्हणून मे महिन्यात अठराशे रुपये घालून अँटेना घेतली, कौलांवर पाइप उभा केला, दहा मीटर वायर खाली दुकानात आणली.

काहीच फरक नाही. राउटरच्या आतल्या पानावर आरएसआरपी नावाचा आकडा असतो, टॉवरचा सिग्नल किती पोचतो त्याचा. तो उणे जितका मोठा तितका सिग्नल कमी. राउटरसोबत आलेल्या छोट्या काड्या लावल्या की उणे ११०. ही अठराशेची अँटेना लावली की उणे ११४. म्हणजे आणखी वाईट! कंपनीला फोन केले तर दर वेळी एकच उत्तर, "मॅडम, तुमच्या भागात रेंजच नाही." भांडून अँटेना बदलून घेतली. नवी आली, आकडा तोच. तेव्हा मी इथे एक स्टार देऊन ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. ते आता मागे घेते, निम्मं तरी.

गणपतीत आमचा केबलवाला आरतीला आला होता. त्याने नट सोडवला, मोबाइलची बॅटरी मारली आणि म्हणाला, "वैनी, दोन्हीकडं भोकच हाय. मधली तार टेकणार कशाला?"

खरंच तसं होतं. राउटरच्या पोर्टला बाहेरून आटे आणि मध्ये भोक. हा साधा एसएमए, अँटेना जोडायच्या कनेक्टरचा एक प्रकार. अँटेनाच्या वायरीला नट बरोबर बसणारा, पण त्याच्याही मध्ये पिन नाही, भोकच. हा आरपी-एसएमए, म्हणजे उलटा. आटे तंतोतंत जुळतात, नट घट्ट बसतो, हाताला काही कळत नाही, आणि मधला जोड होतच नाही. हा उलटा प्रकार अमेरिकेतल्या एफसीसीच्या, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या, नियमामुळे रुजला. घरच्या वाय-फायला लोकांनी मनाला येईल ती मोठी अँटेना जोडू नये म्हणून वेगळा कनेक्टर हवा, असा तो नियम. वाय-फायच्या राउटरना म्हणून बहुतेक उलटाच असतो, सिमकार्डवाल्यांना बहुतेक साधा. एवढी साधी गोष्ट फोर-जीची अँटेना विकणाऱ्याला माहीत नसावी? माहीत असेल तर खोक्यावर का छापत नाहीत? मला फोनवर रेंज नाही म्हणून सांगणाऱ्या एकानेही पिन बघा म्हटलं नाही.

एकशेवीस रुपयांत दोन अ‍ॅडॉप्टर आले. आकडा उणे १०४ वर आला. मी पेढे वाटायच्या बेतात होते, पण अपलोड अजून रडतच होतं.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. दोष आता वायरीचा निघाला. सोबत आलेली वायर आरजी-५८, बारीक. १८०० मेगाहर्ट्झला ती दर मीटरला साधारण पाऊण ते एक डेसिबल खाते. दहा मीटरला नऊ धरा. तीन डेसिबल म्हणजे निम्मं, सहा म्हणजे पाव, नऊ म्हणजे आठवा हिस्सा. डेअरीला आठ लिटर दूध घेऊन निघावं आणि एकच लिटर पोचावं, तसं. येणाऱ्या सिग्नलचं हे होतंच, पण जाणाऱ्याचं जास्त लागतं. असं उपकरण जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने बोलतं, त्यातले कौलांवर पोचणार पंचवीस. दाखले चढणार कसे?

एलएमआर-४०० ही जाड वायर तेवढ्याच अंतरात दोनच डेसिबल खाते, पण तिची किंमत अँटेनापेक्षा जास्त सांगितली. मी नाही घेतली. केबलवाला म्हणाला डिशची वायर टाकू. ती ७५ ओहमची आणि ही व्यवस्था ५० ची, दोन्ही जुळत नाहीत म्हणून मी घाबरले. हिशेब केला तर त्या फरकाने जेमतेम चार टक्के ताकद परत फिरते, आणि डिशची वायर आरजी-५८ पेक्षा कमीच खाते. पण तिला आणखी जोड लागले असते आणि जोडांना मी विटले होते. शेवटी राउटरच माळ्यावर नेला. अँटेनाच्या दोन्ही वायरी दीड मीटरवर कापल्या, केबलवाल्याने कराडहून आणलेले पिनवाले कनेक्टर दाबून बसवले. तिथून दुकानात लॅन केबल सोडली. ती शंभर मीटरपर्यंत चालते आणि स्वस्त. आकडा उणे ९७. तेवीस पानांची फाइल मी बघत असताना चढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या पावसात एकदा आकडा पुन्हा घसरला. नट उघडला तर पितळी भांडं कळकावं तसा हिरवट थर. आता रबरी टेप ताणून गुंडाळलाय आणि वायरीला नटाखाली एक झोळ ठेवलाय, म्हणजे पाणी ओघळून खाली टपकतं. त्यानंतर तक्रार नाही.

बँडचं, म्हणजे टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो त्याचं, थोडक्यात सांगते. लहर जितकी लांब तितकी ती डोंगराला वळसा घालते. आमच्याकडे २३०० मेगाहर्ट्झ डोंगराच्या धारेपलीकडेच अडतो, लहर जेमतेम तेरा सेंटिमीटरची. ८५० ची पस्तीस, ती थोडी तरी वळून येते. याच घरात आजोबा सांगली आकाशवाणी खणखणीत ऐकायचे. १२५१ किलोहर्ट्झची लहर सुमारे २४० मीटर लांब, तिला आमची धार ती काय!

अँटेना चांगली आहे. उन्हापावसात टिकली, वाऱ्यात वाकली नाही. चार स्टार देते. पाचवा खोक्यावर कनेक्टरचं नाव छापतील तेव्हा. तेवढी एक ओळ छापा म्हणून चार ईमेल केले, उत्तर नाही. पाचवा काल पाठवला, सोबत दोन्ही भोकांचे फोटो जोडून. फोटो मात्र लगेच चढले.